तेरा मोटरी, दोन मार्गदर्शक

निरवांगीच्या कालव्याच्या चारीवर, पुलापासून मामूंच्या बांधापर्यंत, एकूण तेरा मोटरी होत्या. आठ पाच हॉर्सपॉवरच्या, चार साडेसातच्या आणि एकीची पाटी इतकी घासून गेलेली की मालक सांगेल तोच तिचा आकडा. तेरा मोटरींना स्टार्टर अकरा, कारण दोन ठिकाणी वायरी थेट जोडून भागवलेलं होतं. त्या अकरापैकी एका स्टार्टरच्या पेटीत साळुंकीनं घर केलं होतं, आणि पिल्लं उडेपर्यंत पेटीचं झाकण लावायचं नाही असं मालकानं ठरवलं होतं. सहा मोटरींना पाटबंधारे खात्याचा परवाना होता. बाकीच्यांचा परवाना 'अर्ज दिलाय' या अवस्थेत होता, आणि काहींच्या बाबतीत ही अवस्था वडिलोपार्जित होती.

हे सगळं मुबशिरा मुलाणीनं मोबाइलमध्ये टिपून घेतलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यापासून ती रिकामी बसली की मोजत असे. बारामतीच्या घरी तिनं जिन्याच्या पायऱ्या मोजपट्टीनं मोजून एक पायरी बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच उंच असल्याचं सिद्ध केलं होतं. तोपर्यंत त्या जिन्यावर वर्षानुवर्षं कुणी अडखळलं नव्हतं. त्यानंतर सगळे अडखळायला लागले.

तर त्या दिवशी ती बांधावर आपल्या मामूंच्या शेजारी बसली होती. मामू बशीत चहा ओतून पीत होते. समोरचा ऊस आदल्या दिवशीच भिजलेला, इतका की रानात पाय टाकला तर पाय परत यायचा, चप्पल नाही. एवढ्यात शेजारच्या ऋषिराजची मोटर सुरू झाली. मामूंची बशी ओठांपाशी थांबली. त्यांनी एकदा ऋषिराजच्या रानाकडं पाहिलं, एकदा स्वतःच्या. मग चहा तसाच ठेवून ते उठले, आणि थोड्याच वेळात त्यांचीही मोटर घरघरायला लागली.

"मामू, रान ओलं आहे ना?"

"व्हय की. कालच भिजवलंय."

"मग आज परत कशाला?"

"आगं, त्यानं चालू केली न्हवं."

"त्याचं रान वाळलं असेल."

"कशाचं वाळतंय? त्याचं बी कालच भिजलंय," मामू बशी उचलत म्हणाले. "माझं बघून भिजवलं त्यानं."

मुबशिराला पीएच.डी.चा विषय मिळाला. शेतकरी उसाला पाणी कशावरून सोडतो, मातीतल्या ओलाव्यावरून की शेजाऱ्याच्या मोटरीच्या आवाजावरून? ओलावा मोजायला भौतिकशास्त्र आणि शेजारी मोजायला समाजशास्त्र. विषय दोन्हीकडं पाय रोवून उभा होता, आणि तिला वाटलं, चांगलंच आहे, दोन पायांवर उभी राहिलेली गोष्ट सहसा पडत नाही.

विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा ती आधीच पास झाली होती. महिनाअखेरपर्यंत एक मार्गदर्शक आणि विषय दोन शाखांतला असेल तर दुसऱ्या शाखेचा एक सहमार्गदर्शक, अशा दोघांच्या संमतीच्या सह्या द्यायच्या होत्या. नाहीतर प्रवेश रद्द. प्रवेश रद्द झाला तर पुण्याच्या एका क्लासवाल्यांनी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवायला बोलावलं होतं, एक तारखेपासून. पगार बरा होता, त्यामुळं अम्मीच्या, म्हणजे खतिजाबींच्या, दुव्यात हल्ली दोन्ही शक्यतांना सारखीच जागा होती.

तिच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे डॉ. वसंत पाटसकर हे मातीतल्या पाण्याच्या हालचालीचे जाणकार. त्यांनी प्रस्ताव शेवटपर्यंत वाचला. असं करणारे ते पहिलेच.

"विषय उत्तम आहे," ते म्हणाले. "फक्त यातली माणसं काढा."

दुसऱ्या मजल्यावर समाजशास्त्राच्या डॉ. श्यामला देशमाने बसत. त्यांनीही वाचला, आणि दोन ठिकाणी समासात 'वा' असं लिहिलं.

"विषय अप्रतिम आहे," त्या म्हणाल्या. "फक्त यातली माती काढ."

मुबशिरा खाली आली, वर गेली, परत खाली आली. माणसं काढली तर मोटर चालू कोण करणार, आणि माती काढली तर पाणी कुठं सोडणार, हे तिनं दोघांनाही नम्रपणे विचारलं. दोघांनाही प्रश्न पटला. मग दोघांनीही एकच उत्तर दिलं: हरकत नाही, पण आधी त्यांची सही आणा, मग बघू.

इथं एक खुलासा करायला हवा. पाटसकर सर आणि देशमाने मॅडम एकमेकांशी बोलत नसत. मागं कधीतरी तपासणी समिती यायची होती, तेव्हा समाजशास्त्र विभागाच्या कुंड्या उचलून भौतिकशास्त्राच्या व्हरांड्यात नेऊन मांडल्या होत्या, समितीला हिरवळ दिसावी म्हणून. समिती गेली. कुंड्या परत आल्या, एक सोडून. ती अजून पाटसकर सरांच्या दाराशी आहे, आणि मॅडमचा शिपाई रोज सकाळी खाली येऊन तिला पाणी घालून जातो. हक्क सोडलेला नाही हे दिसायला हवं. पाटसकर सरांचा शिपाईही त्या कुंडीला पाणी घालतो. कुंडीतलं रोप सडून गेलंय, पण तो प्रश्न कुणाच्याच शाखेत बसत नाही.

भूगोलवाले म्हणाले, नकाशा असेल तर या. अर्थशास्त्रवाले म्हणाले, वीजबिलावर करा. संशोधन कक्षातला सौरभ मात्र मनापासून मदत करणारा माणूस होता. त्यानं विद्यापीठाचं पोर्टल उघडून दाखवलं.

"मॅडम, हितं विषय एकच निवडता येतो."

"पण नव्या धोरणात आंतरविद्याशाखीय आहे ना?"

"धोरणात हाय. यादीत न्हाय."

"'इतर' निवडलं तर?"

सौरभनं आवाज खाली आणला. "ते नका करू. 'इतर' निवडलं की फाईल शारीरिक शिक्षणाकडं जाती. मागं एकाचं उर्दू साहित्य गेलंय. अजून आलं न्हाय."

शेवटी ठरलं असं की दोन्ही सह्या कागदावर आणायच्या, सौरभ शिक्का मारून विद्यापीठात स्वतः नेऊन देणार. पण दोन्ही सह्या. एकीवर तो हललासुद्धा नसता.

घरी सल्ल्यांचा तोटा नव्हता. मुबशिराचे अब्बा, इमामभाई, यांचं इंदापूर रस्त्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेल्या मोटरींची तांब्याची तार काढून नवी भरायची, हा धंदा. शेजारी भापकर काकांची पिठाची गिरणी. काकांचं म्हणणं, पीएच.डी. नेहमी झालेल्या विषयावर करावी, मार्गदर्शकाला वाचायला सोपं जातं. काकांची पुतणी निकिता हिची पीएच.डी. बरीच वर्षं चालू होती. तिनं मुबशिराचा हात हातात घेऊन सांगितलं, "गाईड मिळत नाहीये ना? मग हेच दिवस सुखाचे आहेत बघ." अम्मीनं हे ऐकलं, आणि त्या दिवसापासून दुव्यात पुण्याच्या क्लासचा नंबर वर गेला.

इमामभाईंची अडचण निराळीच होती.

"मुबी, तुझं संशोधन झालं म्हंजे लोकांना कळणार, उगा मोटरी चालवू नयेत."

"हो, अब्बा."

"मग मोटरी जळणार कशा?"

शास्त्राच्या इतिहासात बापाच्या धंद्याविरुद्ध संशोधन करणारे थोडेच. पण इमामभाई मोठ्या मनाचे होते. मुलीनं डॉक्टर व्हावं आणि मोटरीही जळत राहाव्यात, अशी त्यांची दुहेरी इच्छा होती.

अशात इंदापूरच्या एका ट्रस्टची जाहिरात आली. शेती आणि समाज या दोहोंची सांगड घालणाऱ्या संशोधनाला तीन वर्षांची फेलोशिप. अट अशी की प्राथमिक चाचणीचे आकडे आणायचे आणि मुलाखत द्यायची. जाहिरात मुबशिरानं दोनदा वाचली. आपला विषय कुणीतरी, कुठंतरी, दोन्ही पायांसकट मागतंय, हे तिच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

चाचणीचं यंत्र तिनं आणि अब्बांनी दुकानात बसूनच केलं. साबणाच्या डबीएवढा डबा, त्यातून निघालेलं एक वेटोळं, ते मोटरीच्या वायरीभोवती घालायचं. मोटर सुरू झाली की वेळ नोंदली जाते आणि मोबाइलवर येते. असे तेरा डबे. इमामभाईंनी प्रत्येक डब्यावर एक लाल दिवा बसवला, लुकलुकणारा.

"अब्बा, दिव्याची गरज नाही."

"असू दे. दिवा नसला तर लोकांना वाटतं यंत्र बंद हाय."

निरवांगीला जाऊन मुबशिरानं प्रत्येक मोटरमालकाची, मालक गावात नसेल तिथं वॉचमनची, रीतसर परवानगी घेतली. काय मोजतोय हे मात्र सांगितलं नाही. सांगितलं तर लोक मुद्दाम निराळं वागतात, हे तिनं वाचलं होतं. म्हणून ती एवढंच म्हणायची, "तुमच्या वायरीला हा डबा लावते. तीन आठवड्यांनी काढून नेईन. चालेल ना?" आणि लोक म्हणायचे, "लावा की, मॅडम, आमची कसली हरकत." काहींनी टोपी काढली. एकानं बसायला खुर्ची आणली, ती तिनं नको म्हटल्यावर खुर्ची तशीच हातात धरून तो उभा राहिला. इतकं सहकार्य पाहून तिला भरून आलं. ग्रामीण भागात विज्ञानाबद्दल किती आदर आहे, असं एक वाक्य तिनं प्रबंधाच्या ऋणनिर्देशासाठी मनात तयारसुद्धा केलं.

पहिले दोन दिवस मोबाइलवर सुरेख आकडे आले. एक मोटर सुरू झाली की शेजारची, मग तिच्या शेजारची. तिसऱ्या दिवशी ऋषिराजच्या मोटरीची रेघ आडवी झाली. मग त्याच्या पलीकडच्या दोन मोटरींची. मग एकेक करत सगळ्यांची. आठवडा संपता संपता तेरा मोटरींच्या तेरा सरळ रेघा, शून्यावर. मुबशिरानं डब्यांचा प्रोग्रॅम तपासला, बॅटरीचं गणित तपासलं, नेटवर्क तपासलं. शेवटी मामूंना फोन केला.

"मामू, तिकडं लाईट आहे का?"

"हाय की."

"चारीला पाणी?"

"बक्कळ."

"मग मोटरी का चालत नाहीयेत?"

"मी नंतर करतो हां फोन," मामू म्हणाले आणि त्यांनी केला नाही.

त्याच आठवड्यात इमामभाईंच्या दुकानात मात्र बरकत आली होती. टेंपोतून मोटरी येत होत्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येत होत्या, एक तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये पाहुण्यासारखी बसून आली. मुबशिरा दुकानाच्या मागच्या खोलीत डब्यांचे सुटे भाग पसरून, आपलं काय चुकलं ते शोधत बसली होती. पुढचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"इमामभाई, ही जळलीय. घ्या भरायला."

इमामभाईंनी तारा लावून पाहिलं. "अहो, ही तर ठणठणीत हाय."

"जळलीय म्हणा की."

"पण जळलेली न्हाय."

"मग आधी जाळा आन् मग भरा. आपल्याला पावती पायजे, तारीख टाकून. चारीवरच्या समद्यांनी टाकल्यात, माझी एकट्याचीच ऱ्हायली."

आता ही या भागातली जुनी रीत. पाटबंधारे खात्याची माणसं चारीवर यायची कुणकुण लागली की मोटर उचलायची आणि रिवाइंडिंगला टाकायची. विचारायला आले तर चारी मोकळी, मोटर जळलेली, हातात पावती. परवाना नसलेले टाकतातच. असलेलेही टाकतात, कारण परवाना पाच हॉर्सपॉवरचा आणि पाण्यात साडेसातची. इमामभाईंना ही रीत पाठ होती. त्यांनी विचारलं, "का, खातं आलं व्हतं का काय?"

"मग? एक बाई आलती. चष्मावाली. अगोदर येऊन समद्या मोटरी मोजून गेली, परवाना कुणाला हाय, कुणाला न्हाय ते इचारून गेली. मागनं येऊन डबं लावलं. त्यात लाल दिवा हाय, सारखा उघडझाप करतोय. मोटर चालू केली की थेट पुण्याला समजतंय."

"काय सांगता."

"लई कडक हाय म्हणत्यात. हसतच न्हाय. खुर्ची दिली तर बसली बी न्हाय. पैसं खाणारी असती तर बसली असती."

मागच्या खोलीत मुबशिरानं हातातला पेचकस खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या सचोटीची ग्वाही देत होतं, आणि ती अशी.

गिऱ्हाईक गेल्यावर बापलेक मोटरींसमोर उभे राहिले. बारा होत्या. इमामभाईंनी एकेक तपासली होती. अकरा ठणठणीत. उरलेली एक, म्हणजे सगळ्यांत आधी आलेली ऋषिराजची मोटर, ती मात्र खरंच जळालेली होती, आतली तार काळीठिक्कर.

"याची तर खरीच गेलीय," इमामभाई म्हणाले. "हा काय खात्याला भिऊन आला नव्हता."

मुबशिरा एका मोटरीवर बसली. आता तिला सगळा क्रम दिसायला लागला. डबे लागले तेव्हा लोक घाबरले होते, पण मोटर कुणीच काढली नव्हती. मग ऋषिराजची मोटर जळाली. त्या बिचाऱ्यानं ती सरळ मनानं उचलून बारामतीला आणली. शेजाऱ्यांनी पाहिलं, ऋषिराजनं मोटर काढली. म्हणजे त्याला काहीतरी आतली बातमी असणार. मग शेजाऱ्यानं काढली. ती बघून त्याच्या शेजाऱ्यानं. दुकानात मोटरी आल्या त्या क्रमानं रांगेत ठेवल्या होत्या, आणि तो क्रम बरोबर चारीवरच्या शेजाराचा होता. फक्त एक साडेसातची मोटर क्रम सोडून उशिरा आली होती. तिचा मालक गावात राहत नव्हता.

एवढ्यात बाहेर टेंपो थांबला. मामू उतरले. मागं त्यांची मोटर होती. भाचीला बघून मामूंनी टेंपोवाल्याला आधी 'चल, चल' अशी खूण केली, मग 'थांब' अशी केली.

"मामू, तुम्हाला तर माहीत होतं ना, खातं वगैरे काही नाही? मीच होते ना?"

"माहीत हाय गं पोरी. माझी भाची हाय म्हणून सांगितलं बी, कुणाला पटंना."

"डबे लावताना तुम्ही माझ्याबरोबर होता!"

"व्हय."

"मग तुम्ही का काढली?"

मामूंनी मान खाली घातली. "आता समद्यांनीच काढली न्हवं," ते म्हणाले. "मोकळ्या चारीवर एकट्याची मोटर बरी दिसंना."

हसावं की रडावं हे मुबशिराला कळेना. सरळ रेघांचे आकडे ट्रस्टपुढं ठेवायचे म्हणजे फेलोशिपवर पाणी सोडायचं. पण खोटे आकडे ठेवणं तिच्या हातून होण्यासारखं नव्हतं. पाऊण इंच उंच पायरी सरळ आहे असं तिनं जन्मात म्हटलं नसतं. तिनं दुकानातल्या रांगेचा फोटो घेतला, कोणती मोटर कितवी आली ते नीट मांडलं आणि ठरल्या दिवशी इंदापूरची एसटी पकडली.

ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे एक बुजुर्ग बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणत. शेजारी दोन सदस्य, पुढं काजूची बशी.

"बोला. एकरी उतारा किती वाढतो याच्यानं?" आबांनी पहिलाच प्रश्न टाकला.

"उतारा नाही वाढत, सर. पाणी वाचेल कदाचित. आधी पाणी का सोडलं जातं ते कळायला हवं," असं म्हणून मुबशिरानं सगळं सांगितलं. डबे, लाल दिवा, सरळ रेघा, दुकान. न हसता सांगितलं, त्यामुळं सदस्य जास्त हसले. आबा डोळे पुसत म्हणाले, "म्हंजे एकाची मोटर खरी जळली आन् बाराजण उगाच पळालं?"

"हो, सर. क्रमानं. माझ्या मामूंची सोडली तर फक्त नववी मोटर क्रम सोडून आली. साडेसातची. तिचा मालक बाहेरगावी असतो, त्याला फोनवरून कळलं असावं."

आबांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी काजूची बशी जरा लांब सरकवली.

"निळ्या रंगाची हाय का?"

"हो."

दोन्ही सदस्य वर पंख्याकडं बघायला लागले. आबांनी दुकानातल्या रांगेचा फोटो जवळ ओढला. मग म्हणाले, "मला वॉचमननं सांगितलं, समद्यांनी काढल्यात. मी म्हणलं, मग आपली कशाला ठिवतो." त्यांनी फोटो खाली ठेवला. "मी विचारलं बी न्हाय गं, का काढल्यात म्हणून."

मुबशिरानं मोबाइलमध्ये नववीपुढं 'वॉचमन' असं टिपून घेतलं.

"हे तू पुरं कर," आबा म्हणाले. "फेलोशिप दिली. पण दोन्ही मार्गदर्शकांच्या सह्या शुक्रवारपर्यंत पायजेत. मातीवाल्याची बी आन् माणसांवाल्याची बी. दोहोंतली एकच आणली तर आमचा ट्रस्ट घेत न्हाय." ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "आन् वडलांना विचार, आमची मोटर कवा मिळंल?"

शुक्रवार हा महिन्याचाही शेवटचा दिवस होता. मुबशिरा सकाळीच कॉलेजात गेली. पाटसकर सरांनी फोटो पाहिला. त्यांना फार आवडला. "हे तर लहरीसारखं पसरलंय, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं," ते म्हणाले. देशमाने मॅडमनी पाहिला. त्यांनाही फार आवडला. "भीती अशी शेजारून शेजारी जाते," त्या म्हणाल्या. माणसं काढा, माती काढ, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. दोघंही एवढंच म्हणाले, की त्यांची सही झाली का? नाही? मग झाली की या.

दुपारचं जेवण झालं. दोघंही प्राध्यापकांच्या खोलीत येऊन बसले, सर खिडकीपाशी, मॅडम दाराजवळच्या टेबलाशी, मध्ये सबंध खोलीएवढा अबोला. मुबशिरा एकदा खिडकीकडं गेली, एकदा दाराकडं. क्लासवाल्यांचा फोन आला, उद्यापासून येताय ना, वेळापत्रक लावायचंय. तिनं अर्ध्या तासात सांगते म्हटलं. अम्मीचा फोन आला, तो तिनं घेतलाच नाही. सौरभ शिक्का खिशात घेऊन येरझाऱ्या घालत होता. शेवटची एसटी धरून त्याला विद्यापीठात पोचायचं होतं.

शेवटी ती थकून देशमाने मॅडमच्या टेबलाशी बसली. संमतीची दोन पानं, एक मार्गदर्शकाचं, एक सहमार्गदर्शकाचं, तिनं समोर ठेवली. मोबाइलवर तिनं क्लासला पाठवायचा मेसेज लिहायला घेतला. 'येते' एवढाच होता, तरी जमत नव्हता.

एवढ्यात सौरभ आठवण झाल्यासारखं देशमाने मॅडमना म्हणाला, "मॅडम, तुमची हजेरीपटावर आजची सही ऱ्हायलीय." त्यानं हजेरीपट आणून संमतीच्या पानांशेजारीच टेबलावर उघडला. देशमाने मॅडमनी चष्मा लावला, पेन उघडलं आणि त्या वाकल्या. मुबशिराची नजर सवयीनं भिंतीवरच्या घड्याळावर गेली.

खिडकीपाशी पाटसकर सरांच्या हातातलं वर्तमानपत्र हललं. त्यांनी आधी मॅडमच्या पेनाकडं पाहिलं, मग मुबशिराच्या पानांकडं. वर्तमानपत्राची घडी घातली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. उठले. कुणाकडं जायचंच नाही अशा चालीनं टेबलाशी आले.

"ते मार्गदर्शकाचं पान बघू," ते मुबशिराला म्हणाले.

तिनं पान दिलं. मॅडमनी सही कशावर केली हे सांगावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि निरीक्षकानं मध्ये पडू नये असा नियम असतो. पाटसकर सरांनी उभ्याउभ्याच, टेबलाच्या कडेला पान टेकवून, झोकदार सही ठोकली, खाली तारीख घातली, आणि मॅडमकडं न बघता म्हणाले, "मातीशिवाय हा विषय उभाच राहत नाही."

देशमाने मॅडमनी हजेरीपट मिटून वर पाहिलं. "यांनी केली? मार्गदर्शक म्हणून?" त्यांनी दुसरं पान स्वतःच ओढून घेतलं. "बाळ, पेन कुठं गेलं माझं? हे काय हातातच आहे." आणि सही करता करता त्याही कुणाकडं न बघता म्हणाल्या, "आणि माणसांशिवाय यात आहे काय?"

सौरभनं दोन्ही पानांवर दोन शिक्के मारले, ओली शाई फुंकली आणि तो एसटीच्या दिशेनं पळत सुटला. मुबशिरानं घड्याळाकडं पुन्हा पाहिलं, क्लासचा अर्धवट मेसेज खोडला आणि त्याच जागी लिहून ठेवलं:

देशमाने मॅडमनी पेन उघडल्यापासून पाटसकर सरांची सही होईपर्यंत एक मिनिट पन्नास सेकंद. त्यानंतर मॅडमची सही होईपर्यंत बावीस सेकंद.